आवाजाची हॉर्सपॉवर

इंजिनात ताकद भरपूर असते, पण कंपनी ती बाहेर येऊ देत नाही; मागे एक डबा लावून तिने इंजिनाचं तोंड दाबून धरलेलं असतं, अशी एक श्रद्धा मीरा-भाईंदरमध्ये मला सर्व वयोगटांत आढळली आहे. तरुण मंडळी ती आचरणात आणतात. बुलेटचा मूळ सायलेन्सर उतरवून इंदोरी चढवतात, नाहीतर आहे त्याचीच पुंगळी उपटून टाकतात, आणि रात्री अकराच्या सुमारास शांतीनगरच्या सेक्टरांमधून एक फेरी मारतात. दोन्ही बाजूंना उंच इमारती, मधे जेमतेम रस्ता. त्या आवाजाला आकाशाखेरीज दुसरी वाट नसते. उभ्या गाड्यांचे अलार्म ओळीने कोकलू लागतात, कुत्री साथ धरतात, आणि कुठेतरी तिसऱ्या मजल्यावर एका आईला अंगाईची पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात करावी लागते.

पण या संप्रदायाचा सर्वांत निष्ठावान अनुयायी बुलेटवर बसत नाही. तो आमच्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहतो, बँकेतून निवृत्त झालेला आहे आणि सोसायटीच्या सभेत आवाजाच्या प्रदूषणावर हमखास बोलतो. आम्ही त्यांना काका म्हणतो.

काकांची गाडी पांढरी, हजार सीसीची, तीन सिलिंडरची. तिचं इहलोकीचं कार्य एकच: मुलीला सकाळी मीरा रोड स्टेशनला सोडणं आणि संध्याकाळी आणणं. जेमतेम दीड किलोमीटर. त्यामुळे मागचा डबा सडलाय असं मेकॅनिकने सांगितलं तेव्हा काकांना ते पटेना. ‘‘गाडी चालतेच कुठे, तर सडेल?’’

चालत नाही म्हणूनच सडते. एक लिटर पेट्रोल जळलं की धुराबरोबर साधारण लिटरभर पाणी तयार होतं. पेट्रोलमधल्या हायड्रोजनला हवेतला ऑक्सिजन मिळाला की दुसरं काही होण्याचा प्रश्नच येत नाही. गाडी लांब पल्ल्याला गेली तर सायलेन्सर इतका तापतो की हे पाणी वाफेच्या रूपाने निघून जातं. स्टेशनपर्यंतच गेली तर तो धड कोमटही होत नाही. पाणी आतल्या आत थंड पत्र्यावर धरतं आणि डब्यात साचून राहतं. त्यात धुरातला थोडा आम्ल अंश मिसळतो. बाहेरून खाडीची आणि मिठागरांची खारी हवा आपलं काम करतच असते. म्हणजे काकांचा सायलेन्सर आतून पेट्रोलने आणि बाहेरून भाईंदरने खाल्ला.

एका सकाळी स्टेशनजवळच्या गतिरोधकावर तो खाली उतरला. काकांनी तो रस्त्यातून बाजूला घेतला, निवल्यावर वर्तमानपत्रात गुंडाळून डिकीत ठेवला आणि तशीच गाडी घरी आणली. आवाज आधी आला, गाडी नंतर. गॅलऱ्यांमध्ये माणसं जमली. चौकातल्या हवालदाराने म्हणे वळून पाहिलं, मागे कुठला बुलेटवाला आहे ते शोधलं, आणि या पांढऱ्या गाडीला जाऊ दिलं. मुलगी दुसऱ्या दिवसापासून रिक्षाने जाऊ लागली. आणि काका मला लिफ्टमध्ये गाठून, गळ्यातलं मफलर सारखं करत, हळूच म्हणाले, ‘‘तुला सांगतो, पिकअप वाढलाय. नुसता पाय ठेवला की सुटते.’’

मेकॅनिकनेही दुजोरा दिला होता. काशीमीरा नाक्याच्या पुढे त्याचं गॅरेज आहे. ‘‘काका, इंजिन मोकळा श्वास घेतंय ना आता,’’ असं तो म्हणाला. हे वाक्य मी अनेक गॅरेजांत ऐकलं आहे. पूर्ण खोटं नाही म्हणून ते टिकलं आहे.

सिलिंडरमध्ये पेट्रोल जळून झालं की झडप उघडते आणि दाबाखालचा तापलेला वायू नळीत मुसंडी मारतो. हा वायू सलग वाहत नाही, धक्क्याधक्क्यांनी जातो. तीन सिलिंडरचं इंजिन जागच्या जागी गुरगुरत असतं तेव्हा सेकंदाला साधारण वीस धक्के, आणि मिनिटाला सहा हजार फेऱ्या झाल्या की दीडशे. हे धक्के तसेच उघड्यावर सोडले तर काय ऐकू येतं ते आमच्या गॅलऱ्यांनी ऐकलं होतं. सायलेन्सरच्या डब्यात दोन-तीन खोल्या असतात, भोकं पाडलेल्या नळ्या असतात, काहींत काचेची लोकर कोंबलेली असते. धक्का एका खोलीतून दुसरीत जातो, भिंतीवर आपटून उलटा फिरतो, मागून येणाऱ्या धक्क्याला आडवा येतो, आणि दोघं एकमेकांना बरंचसं मारतात. लोकर उरलेल्याची ऊब करून टाकते. या वळणावळणाच्या प्रवासात वायूला अडथळा होतो, तो ढकलायला इंजिनाची थोडी शक्ती खर्ची पडते. डबा काढला की ती वाचते. इथपर्यंत मेकॅनिकचं म्हणणं बरोबर आहे.

याच्या नेमका उलटा दुसरा पंथही आहे. इंजिनाला मागून थोडा दाब लागतोच, नाहीतर ते ‘ढिलं पडतं’, असं तो सांगतो. तेही अर्धंच खरं आहे. दाब कुठल्याच इंजिनाला नको असतो. हवी असते ती ओढ. विरार लोकल भाईंदरला थांबते तेव्हा दारातला पहिला माणूस उतरला की त्याच्यामागे क्षणभर पोकळी होते आणि मागचे चौघे स्वतःहून काहीही न करता फलाटावर येतात. नळीतला एक धक्का पुढे निसटला की त्याच्या पाठीशीही तशीच कमी दाबाची पोकळी होते, आणि ती नेमकी वेळेवर पोचली तर सिलिंडरमधला उरलासुरला धूर ओढून काढते. नळीची लांबी आणि जाडी या वेळेच्या हिशेबाने ठरवलेली असते. वाटेल तिथे कापली तर वेळ चुकते. मग खालच्या फेऱ्यांना, म्हणजे आपण रोज चालवतो तिथे, गाडी थोडी मंदही होऊ शकते. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांत हवा-पेट्रोलचं प्रमाण बिघडायचं ते निराळंच. काकांचा मात्र शेवटचाच डबा पडला होता. त्यामुळे नुकसान नव्हतं आणि फायदा होता तो एखाद-दुसऱ्या टक्क्याचा, फारच उदार झालो तर तीन टक्क्यांचा.

आता काकांच्या इंजिनाची सगळी मिळकत सदुसष्ट हॉर्सपॉवरच्या आसपास. त्याचे तीन टक्के म्हणजे दोन घोडे. हे दोन घोडे कुठे उभे असतात हे पाहिलं पाहिजे, कारण मेकॅनिक ते सांगत नाही. डब्यातला अडथळा वायूच्या वेगाच्या साधारण वर्गाने वाढतो. वायू चौपट वाहू लागला तर अडथळा सोळापट. म्हणजे अडथळा जाणवण्याइतका होतो तो पाय तळाला टेकलेला असताना, सहा हजार फेऱ्यांच्या आसपास. दीड हजार फेऱ्यांवर आणि अर्ध्या पायावर तो इतका किरकोळ असतो की काढला काय आणि ठेवला काय.

आणि मीरा-भाईंदर हे दीड हजार फेऱ्यांवर चालणारं शहर आहे. काशीमीरा नाक्यावरून गोल्डन नेस्टकडे निघा. वर मेट्रो, तिच्याखाली उड्डाणपूल, त्याच्याखाली आपण. सिल्व्हर पार्कला पहिला गिअर, एस. के. स्टोनला न्यूट्रल, मग मोठ्या उमेदीने दुसरा, की समोर उलट दिशेने येणारी रिक्षा. पहिल्या गिअरमध्ये पाय दाबून धरला तर चाळीसच्या वेगालाही सहा हजार फेऱ्या गाठता येतील, नाही असं नाही. पण तसं करणारा माणूस मुलीला स्टेशनला सोडायला निघालेला नसतो. शहराबाहेर पडून अहमदाबाद हायवेला लागावं, तर वरसावे नाक्यावर, फाऊंटन हॉटेलच्या समोर, गुजरातकडे निघालेले ट्रेलर आपल्याला विचारात घेतच नाहीत. काकांचे दोन घोडे अशा गावी बांधलेले आहेत जिथे काका कधीच जाणार नाहीत.

आवाज मात्र असल्या कुठल्याच अटी घालत नाही. तो पहिल्या गिअरलाही पुरेपूर मिळतो, सिग्नलला उभं असतानाही मिळतो.

मला स्वतःला सगळ्यात मजेची वाटली ती यातली बेरीज. उघड्या नळीचा आवाज मीटरभरावर एकशे दहा डेसिबल धरा आणि तो सगळ्या दिशांना सारखा पसरतो असं माना. हिशेब केला की त्या आवाजाची एकूण शक्ती येते जेमतेम सव्वा वॅट. घरातला एलईडीचा साधा दिवा नऊ वॅटचा असतो. अख्ख्या गल्लीला उठवणारा, अलार्म वाजवणारा, सोसायटीच्या इतिवृत्तात नोंद होणारा तो गडगडाट शक्तीच्या भाषेत एका दिव्याचा सातवा हिस्सा. एक हॉर्सपॉवर म्हणजे सातशे सेहेचाळीस वॅट. त्यात अशा सुमारे सहाशे उघड्या सायलेन्सरांचा एकत्रित गोंगाट मावेल. सहाशे गाड्या एका मैदानात आणून उभ्या केल्या, सगळ्यांचे डबे काढले आणि त्यांचा आवाज पिळून गोळा केला, तर एक घोडा उभा राहील. आवाजात ताकद नसतेच. आपला कानच विलक्षण काटकसरी आहे. त्याला ऐकायला जवळपास काहीच लागत नाही.

तरीही गाडी सुटते असं काकांना वाटलं, ते खोटं बोलत नव्हते. गाडी चालवणारा माणूस वेग काट्यावर वाचत नाही, कानाने ऐकतो. इंजिनाचा सूर चढला की पोटात कळतं, आपण निघालो. मोठमोठ्या मोटारकंपन्यांचा या पोटावर काकांइतकाच विश्वास आहे. बीएमडब्ल्यूने २०११ च्या एम फाइव्हमध्ये आतली शांतता इतकी पक्की केली की इंजिन ऐकू येईना, तेव्हा त्याचा आवाज स्पीकरमधून ऐकवायची सोय केली. हार्ले-डेव्हिडसनने १९९४ मध्ये आपल्या मोटारसायकलच्या आवाजाचा ट्रेडमार्क मागितला होता. बाकीच्या कंपन्यांनी हरकती घेतल्या आणि सहा वर्षांनी हार्लेनेच अर्ज मागे घेतला. आता विजेच्या गाड्यांना धूर नाही, नळी नाही, आणि पादचाऱ्यांना कळावं म्हणून त्यांना मुद्दाम आवाज बसवावा लागतो. डॉजने तर आपल्या ‘चार्जर’ नावाच्या विजेवरच्या मोटारीसाठी गुरगुरणारी खास यंत्रणाच तयार केली. या सगळ्यांचं लिफ्टमधलं वाक्य काकांचंच आहे, फक्त अंदाजपत्रक मोठं आहे.

एका जातीच्या इंजिनाबाबत मात्र नळीला हात लावणं म्हणजे शुद्ध आत्मघात. टू-स्ट्रोक. उत्तनच्या बाजूला रविवारी गेलात तर एखादी जपून ठेवलेली आरएक्स हंड्रेड अजूनही दिसते, आणि दिसायच्या आधी ऐकू येते. अठ्ठ्याण्णव सीसी, अकरा हॉर्सपॉवर. १९८५ मध्ये आली आणि अकराएक वर्षांत उत्पादन बंद झालं, तरी तिचे भक्त हटले नाहीत. या इंजिनाला आपल्या अर्थाने झडपाच नसतात. ताजं पेट्रोल आत येतं तेव्हा धूर जायची वाट उघडीच असते, आणि बरंचसं ताजं पेट्रोल त्याच वाटेने पळू पाहतं. नळीचा फुगीर भाग आणि पुढे निमुळतं होणारं टोक असं बेतलेलं असतं की आधी ओढ निर्माण होते आणि लगेच एक उलटी लाट येऊन पळणाऱ्या पेट्रोलला आत ढकलते. म्हणजे ती नळी इंजिनाचाच भाग असते, फक्त बाहेर लोंबत असते.

हे गणित पूर्व जर्मनीत, एमझेड कंपनीच्या वाल्टर काडेनने १९५०च्या दशकात मोटारसायकलींच्या शर्यतींसाठी बसवलं. १९६१ मध्ये त्याचा रायडर एर्न्स्ट डेगनर स्वीडनमधल्या शर्यतीनंतर परतलाच नाही. तो पश्चिमेकडे पळाला, नळीचं गुपित घेऊन सुझुकीकडे गेला आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या गाडीवर विश्वविजेता झाला. जी नळी घेऊन एक माणूस देश सोडून पळाला ती आमच्याकडे कोणी आवाजासाठी मधेच कापतो, तेव्हा काडेनच्या आत्म्याला काय वाटत असेल कोण जाणे. गाडीची ताकद जाते, आवाज दुप्पट होतो, आणि मालक सांगतो, ‘‘काय पळतेय बघ!’’

डबा काढावा की ठेवावा हा घोळ मोटारीइतकाच जुना आहे. इंडियानातल्या कोलंबसच्या रीव्हज बंधूंनी १८९७ मध्ये सायलेन्सरचं पेटंट घेतलं. (त्यांतल्या मिल्टनने पुढे १९११ मध्ये, प्रवास गुळगुळीत व्हावा म्हणून, आठ चाकांची मोटार काढली. ती खपली नाही. मीरा रोडला पावसाळ्यात आणून दाखवायला हवी होती.) त्या काळच्या कित्येक गाड्यांत सायलेन्सर बाजूला सारायची कळ असायची. गावात डबा चालू, गावाबाहेर चढावर कळ ओढली की धूर थेट बाहेर. चढ संपल्यावर कळ पुन्हा बंद करायची विसरणारे बरेच निघाले असावेत, कारण अमेरिकेतल्या गावागावांनी तिच्यावर बंदी घातली. बंदुकीचा सायलेन्सर १९०९ मध्ये हायरम पर्सी मॅक्झिमने काढला. त्याचे वडील म्हणजे मॅक्झिम गनचे जनक, आणि ते त्याच बंदुकीच्या आवाजाने बहिरे झाले होते. मुलाने पुष्कळ उशीर केला म्हणायचा.

आपल्याकडे कायद्याने कळ ठेवलेली नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ चा एकशे विसावा नियम प्रत्येक वाहनाला आवाज शक्य तितका कमी करणारा सायलेन्सर हवाच असं सांगतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० नुसार आवाजाच्या मानकांचा भंग केला तर दहा हजारांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. निवासी भागात रात्री दहानंतरची आवाजाची मर्यादा पंचेचाळीस डेसिबल आहे. आमच्याकडे तेवढा आवाज खिडक्या बंद केल्या तरी नुसता पंखा करतो. पुणे, नागपूर अशा शहरांत पोलीस जप्त केलेले सायलेन्सर रस्त्यावर ओळीने मांडतात आणि त्यांवरून रोड रोलर फिरवतात. ते दृश्य बघायला गर्दी होते. गर्दीत काही बुलेटवालेही असतात, आणि त्यांच्या चेहऱ्यावर सुतक असतं.

काकांना यातल्या कशानेच हलवलं नाही. हलवलं ते पीयूसीने. मुदत संपली म्हणून ते पेट्रोलपंपाशेजारच्या केंद्रावर गेले. तिथला मुलगा यंत्राची नळी हातात घेऊन गाडीच्या मागे वाकला, डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, आणि उठून म्हणाला, ‘‘काका, पाईपच नाही. नळी घालू कुठे?’’ काकांनी त्याला आवाजाबद्दल विचारून घेतलं. तो म्हणाला, आवाज आपण तपासत नाही, फक्त धूर.

मग मात्र नवा डबा बसला. रबरं बदलली, क्लॅम्प नवा, वेल्डिंगचा टाका स्वच्छ. धूर पास झाला. मुलगी पुन्हा गाडीत बसू लागली. इमारतीने सुटकेचा श्वास टाकला. आठवडाही गेला नसेल, काका गॅरेजमध्ये हजर. पिकअप गेलाय. पाय ठेवला तरी सुटत नाही. काहीतरी चोक झालंय.

मी त्यांच्या सोबत होतो. मेकॅनिकने बॉनेट उघडलं, एअर फिल्टर काढून झटकला, परत लावला, बॉनेट बंद केलं. मग गाडीखाली शिरून नव्या डब्याच्या क्लॅम्पचा नट अर्धा आटा सैल केला. इंजिन सुरू केल्यावर मागून एक बारीकशी, फुरफुरती तक्रार ऐकू येऊ लागली. काका चक्कर मारून आले. हायवेच्या सर्व्हिस रोडवरून, दुसऱ्या गिअरमध्ये.

‘‘आता बघ,’’ ते खिडकीतून मला म्हणाले, ‘‘झाली ना मोकळी?’’

मेकॅनिकने हात पुसले आणि ट्यूनिंगचे दोनशे रुपये सांगितले. काकांनी घासाघीस न करता दिले.